लिंबाच्या सिरपची बाटली फुगते, फसफसते: काय तपासायचं आणि कधी ओतून द्यायचं

खान्देशात लिंबू स्वस्त असतं तेव्हा सरबताची कुणाला आठवण नसते, आणि घशाला कोरड पडते तेव्हा लिंबू परवडत नाही. कानबाईच्या आसपास, श्रावणात, आंबिया बहाराचा माल बाजारात उतरतो आणि लिंबू किलोवर मिळतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तेच लिंबू नगावर विकतात. म्हणून पावसाळ्यात रस काढायचा, साखर घालून बाटल्या भरायच्या आणि लेकी माहेरी येतील तोवर ठेवायच्या, ही आमच्याकडची जुनी सोय. पण आठ-नऊ महिन्यांची ही मजल सगळ्याच बाटल्या मारत नाहीत. होळीनंतर ऊन चढलं की फोन सुरू होतात: "माय व, बाटली फुगी गई!" नात्यातल्या आणि बचत गटातल्या बायकांच्या अशा बाटल्या उघडून पाहता पाहता माझे प्रश्न आता पाठ झाले आहेत. तेच इथे लिहिते. ज्याला पैसा लागत नाही ते आधी, खर्चाचं आणि कटकटीचं नंतर.

आधी लक्षणं नीट बघा

बिघाड एक नसतो. लोक सगळ्यालाच "सरबत खराब झालं" म्हणतात आणि मग उपाय भलताच करतात.

फसफसण्याची, म्हणजे आंबण्याची लक्षणं अशी:

- झाकण फिरवताच फुस्स आवाज येतो, कधी तोंडाशी फेस येतो.
- बाटली उजेडात धरली की कडेने बारीक बुडबुडे वर चढताना दिसतात. प्लास्टिकची बाटली दाबली जात नाही, कडक लागते.
- वास आंबूस, थोडा ताडीसारखा. गोडी आधीपेक्षा कमी आणि जिभेला चुरचुर.
- वरच्या बाजूला पांढुरका पातळ पापुद्रा.

हे सगळं यीस्टचं काम. साखर खायची, वायू आणि मद्यार्क सोडायचा. बिअर करणारे हेच मुद्दाम करतात, तुमच्या स्वयंपाकघरात ते न विचारता होतं. लिंबाचा रस इतका आंबट असतो की बहुतेक जिवाणू तिथे तग धरत नाहीत. यीस्ट आणि बुरशीला मात्र आंबटपणाचं फारसं काही वाटत नाही, त्यामुळे या बाटलीत शत्रू हे दोनच.

हिरवा-काळा ठिपका, केसाळ डाग दिसला तर ती बुरशी. तिचा उपाय चमच्याने काढून टाकणं हा नव्हे. वर दिसतो तो ठिपका, तिचे धागे आणि तिने सोडलेलं काय काय ते खाली उतरलेलं असतं. ती बाटली मोरीत ओता.

आता जे बिघडलेलं वाटतं पण आंबलेलं नसतं ते. सिरप तपकिरी पडलं तर हवा, उजेड आणि उष्णतेने क जीवनसत्त्वाची वाट लागली आहे, चव थोडी शिळी लागेल, एवढंच. काळपट पडलं तर भांडं आठवा: लोखंडी कढई, गंजकं झाकण, कल्हई उडालेलं पितळ. पितळेचं आणि तांब्याचं असेल तर ते पिऊ नका. कडू लागलं तर रस काढताना बिया चिरडल्या गेल्या किंवा साल फार पिळली. हा कडवटपणा ताज्या रसात कळत नाही, काही तासांनी वर येतो. म्हणून करताना चाखून "छान झालंय" म्हणणाऱ्या बाईचीच बाटली दुसऱ्या दिवशी कडू निघते. त्याला नंतर इलाज नाही, पुढच्या वेळी लिंबू हलक्या हाताने पिळा. थंडीत तळाशी साखरेचे खडे दिसले तर घाबरायचं कारण नाही, सिरप घट्ट आहे याचीच ती खूण. मात्र भरल्या दिवसापासूनच तळाशी साखर बसलेली असेल तर ती विरघळलीच नव्हती आणि वरचं पाणी पातळ राहिलं आहे. ते लवकर फसफसणार.

फुगलेली काचेची बाटली हाताळताना

तपासणीच्या आधी हे वाचा. फुगलेली काचेची बाटली हलवू नका, उन्हात नेऊ नका, "बघू तरी" म्हणून तोंडाजवळ आणून उघडू नका. जाड टॉवेलमध्ये गुंडाळून ती फ्रीजमध्ये रात्रभर ठेवा. थंड द्रवात वायू जास्त मुरतो आणि दाब उतरतो. मग मोरीत किंवा अंगणात, टॉवेल तसाच ठेवून, तोंड स्वतःपासून लांब करून झाकण जरा जरा सैल करा. मुलांना आत पाठवा. प्लास्टिकची बाटली फुगून सूचना तरी देते, काच देत नाही.

पहिली तपासणी: चमचा आणि हात

बाटली उघडून वापरायला घेतल्यावर आठ-दहा दिवसांतच फसफसली, आणि त्याच दिवशी भरलेल्या बंद बाटल्या मात्र ठीक आहेत, तर पुढचं काही वाचायची गरज नाही. ओला चमचा आत जातो आहे. किंवा पाहुण्यांच्या गडबडीत कुणीतरी ग्लासातलं उरलेलं परत बाटलीत ओतलं आहे. ओला चमचा दोन कामं एकदम करतो: पाणी आत नेतो आणि यीस्टही नेतो. सिरप चमच्याने काढूच नका, ओता. तोंड कोरड्या फडक्याने पुसा, नाहीतर तोंडाशी सुकलेल्या चिकट थरावर मुंग्या येतात आणि सगळ्यात आधी तिथेच आंबायला लागतं. मोठ्या बाटलीऐवजी पाव लिटरच्या लहान बाटल्या भरल्या तर हा प्रश्न निम्मा सुटतो. उघडलेली बाटली आठवड्यात संपते.

दुसरी: बाटली ठेवली कुठे आहे

"माळ्यावर ठेवली आहे, हात पोचू नये म्हणून." हे उत्तर मला इतक्या वेळा मिळालं आहे की आता राग येत नाही. स्लॅबच्या घरात माळा ही सगळ्यात तापणारी जागा, पत्र्याच्या घरात तर विचारूच नका. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात बाहेरचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि छताखाली ती धग रात्रीही उतरत नाही. यीस्ट सगळ्यात जोमाने वाढतं ते २५ ते ३५ अंशांत, म्हणजे आपल्याकडे होळीपासून आखाजीपर्यंत आणि पुन्हा ऑक्टोबर हीटमध्ये. त्यापुढच्या धगीत ते मंदावतं, पण तोवर जेवढा वायू झालेला असतो तो तापल्यावर द्रवातून बाहेर पडतो आणि दाब वाढवतो. बाटल्या भर दुपारी फुटतात त्या यामुळे.

जागा बदलायला काही खर्च नाही. जमिनीलगत, आतल्या खोलीत, पश्चिमेच्या भिंतीपासून लांब, अंधारात. ज्यांच्याकडे अजून जुनं धाब्याचं घर उभं आहे त्यांनी मधल्या खोलीचा कोपरा धरावा. मातीच्या जाड भिंतींनी तिथे दिवस-रात्रीचा फरकही कमी पडतो. हा फरक का महत्त्वाचा आहे ते पुढच्या तपासणीत येतं.

तिसरी: झाकणाच्या आत दव आहे का

ही तपासणी कुणी करत नाही, आणि माझ्या मते निम्म्या बंद बाटल्यांचा बिघाड इथे असतो.

सकाळी लवकर एक बंद बाटली खिडकीशी उजेडात धरा. हलवू नका. झाकणाखाली, मानेच्या आतल्या काचेवर बारीक थेंब जमलेले दिसतील. दिवसा सिरप तापतं, त्यातलं पाणी वाफ होऊन वर जातं, रात्री मान गार पडली की तिथेच थेंब होतात. थेंब घरंगळतो तो घट्ट सिरपमध्ये मिसळत नाही, हलका असल्याने वरच पसरतो. नखाएवढ्याही जाडीचा नसलेला तो पातळ पदर यीस्टला पुरेसा असतो. खालची सगळी बाटली कितीही घट्ट असो, आंबायला सुरुवात या पदरातून होते. नीट पाहिलं तर पहिले बुडबुडेही तिथेच, कडेला गोल कडं धरून दिसतात.

उपाय फुकट आहे. आठवड्यातून एकदा प्रत्येक बंद बाटली हळूच उलटी करून पुन्हा सुलटी ठेवा, म्हणजे पदर मोडतो. भरताना मान पूर्ण रिकामी सोडू नका, वर दीड-दोन बोटं जागा पुरे. आणि गरम सिरप भरून लगेच झाकण लावण्याची सवय असेल तर ती दोनच वेळा योग्य: बाटली, झाकण, सिरप सगळंच जंतू मरतील इतकं गरम असताना, किंवा पुढे सांगितलेला पाण्यातला ताप देताना. कोमट भरून बंद करणं सगळ्यात वाईट. त्याने वाफ तर धरते, यीस्ट मात्र मरत नाही.

चौथी: बाटल्या, बूच, झाकणं

भंगारवाल्याकडून काचेच्या बाटल्या घ्यायला हरकत नाही. तपकिरी बिअरच्या बाटल्या तर उजेड अडवतात म्हणून उत्तम, सासूबाईंना काय वाटेल तो भाग वेगळा. मात्र झाकणातली रबराची किंवा प्लास्टिकची चकती काढून बघा. तिच्या मागे जुना चिकटा अडकलेला असतो आणि तो घासून निघत नाही. झाकणं नवीच घ्या. बाटल्या सोड्याच्या गरम पाण्याने धुवून, दहा मिनिटं पाण्यात उकळून, उपड्या घालून पूर्ण कोरड्या करा. श्रावणात बाटली आतून वाळायला वेळ लागतो. घाई झाली तर तळाशी राहिलेले दोन चमचे पाणी सगळा हिशेब बिघडवतात. कोल्ड्रिंकच्या जुन्या प्लास्टिकच्या बाटल्या महिनाभराच्या वापराला चालतील, पण त्यातून हवा हळूहळू आत झिरपते आणि सिरप लवकर तपकिरी पडतं. त्यात गरम काही भरू नका, बाटली वाकडी होते.

पाचवी: साखर मोजा, वाटीने नव्हे, वजनाने

सगळं वरचं ठीक असूनही संपूर्ण खेप, एकूण एक बाटली, फसफसली तर दोष पाककृतीत आहे. आणि तो जवळजवळ नेहमी एकच असतो: पाणी जास्त, साखर कमी.

साखर इथे गोडीसाठी घातलेली नाही. घट्ट सिरपमध्ये साखर पाण्याला धरून ठेवते, यीस्टला वाढायला मोकळं पाणी मिळत नाही. त्यासाठी १०० ग्रॅम सिरपमध्ये साधारण ६५ ग्रॅम साखर लागते. सिरप या नावाने जे विकलं जातं त्याचं घट्टपणाचं मापही हेच आहे. स्क्वॅश त्यापेक्षा पातळ चालतो, पण त्यात टिकवणारं रसायन घातलेलं असतं. आपण करतो ते बहुतेक वेळा घट्टपणाने स्क्वॅश आणि भरवशाने सिरप असतं. तिथेच घोळ.

वाटीचा हिशेब करून बघा. वाटीभर साखरेचं वजन वाटीभर पाण्यापेक्षा कमी भरतं. एक वाटी रस आणि दोन वाट्या साखर, पाणी अजिबात नाही, असं केलं तर कसंबसं ६५ च्या आसपास पोचतं. त्यात पाक करण्यासाठी एक वाटी पाणी घातलं की थेट पन्नाशीच्या खाली. यूट्यूबवर पाहून केलेलं "वर्षभर टिकणारं सरबत" होळीत फुगतं ते या एका वाटीमुळे. लक्षात ठेवायचं माप: १ किलो साखरेला रस आणि पाणी मिळून अर्धा लिटर, जास्त नाही. पाव लिटर पाण्यात साखर मंद आचेवर पूर्ण विरघळवा, एक उकळी द्या, मळी काढा, पूर्ण गार करा, मग पाव लिटर गाळलेला रस. आंबटपणा जास्त हवा तर पाणी कमी करून रस वाढवा, बेरीज तीच ठेवा.

झालेल्या सिरपचा घट्टपणा घरी तपासता येतो. एक लहान स्टीलचा डबा काट्यावर ठेवून शून्य करा, काठोकाठ पाणी भरा, वजन लिहा. डबा कोरडा करून तितकंच काठोकाठ सिरप भरा. पाणी २०० ग्रॅम भरलं असेल तर सिरप २६० च्या पुढे भरायला हवं. २४५ च्या आसपास आलं तर तुमचं सिरप निम्मं साखर, निम्मं पाणी आहे आणि ते फ्रीजबाहेर टिकणार नाही. स्वयंपाकघरातला साधा डिजिटल काटा याला पुरतो. द्राक्ष-डाळिंबवाल्यांकडे ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचं प्रमाण, मोजायची दुर्बीण असते, ती मागून आणण्याआधी पट्टी बघून घ्या. बागेतली बहुतेक ३२ पर्यंतच मोजते, सिरपला ती आंधळी.

हल्ली "साखर कमी घाला, शुगर आहे" म्हणून बाटलीतलीच साखर कापतात. बाटलीत कापू नका, ग्लासात कापा: सिरप कमी, पाणी जास्त, वरून ताजं लिंबू. ज्यांना साखर चालतच नाही त्यांच्यासाठी नुसता रस बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. गोड गोळ्यांनी गोडी येते, टिकाऊपणा येत नाही. गुळाचं करायचं असेल तर थोडं करून फ्रीजमध्ये ठेवा. गुळात ओल असते आणि त्याच्याबरोबर बरंच काही येतं.

आल्याचं वेगळं सांगायला हवं, कारण आपल्याकडे आलं-लिंबू लोकांना फार आवडतं. आल्याच्या सालीवर स्वतःचं यीस्ट असतं. आल्याचा कीस साखरपाण्यात ठेवून मुद्दाम फेसाळ जिंजर बिअर करतात ती याच्याच जोरावर. कच्च्या आल्याचा रस घातलेलं सिरप साध्यापेक्षा खूप आधी उठतं. आलं घालायचं तर ते पाकाबरोबर उकळून, गाळून. जिरेपूड, काळं मीठ, पुदिना यांतलं काहीही बाटलीत नको, ग्लासात घाला.

सहावी: लिंबं कशी होती

पावसाळ्यात खाली पडलेली, एका बाजूने मऊ, देठाशी डागाळलेली लिंबं स्वस्त मिळतात. चटणीला, लोणच्याला निवडून चालतील, सिरपला नको. एका सडक्या लिंबाचा रस पूर्ण पातेल्यात यीस्ट पेरतो. सालीवरची मातीही तेच करते, म्हणून चिरण्याआधी लिंबं चोळून धुवा आणि पुसून कोरडी करा. पातळ सालीचं कागदी लिंबू रसाला चांगलं. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं साई सरबती वाण लावलेली बाग जवळ असेल तर तिथूनच थेट घ्या. स्टील किंवा काचेच्या भांड्यात काम करा. अॅल्युमिनियम, तांबं, पितळ इथे नको.

सातवी: टिकवणारं रसायन

इथपर्यंत सगळं नीट करूनही कानबाई ते आखाजी हा पल्ला फ्रीजबाहेर गाठायचा असेल तर नुसत्या साखरेवर भरवसा मी ठेवत नाही. लिंबाच्या सिरपला पोटॅशियम मेटाबायसल्फाइट वापरतात. दुकानात केएमएस म्हणून मिळतं, पुडीवर आयएनएस २२४ असं लिहिलेलं बघून खाण्याच्या प्रतीचंच घ्या. प्रमाण दर किलो सिरपला जास्तीत जास्त ०.६ ग्रॅम. कायद्याची मर्यादा, म्हणजे दहा लाख भागांत ३५० भाग सल्फर डायऑक्साइड, साधारण तेवढ्यालाच गाठली जाते. "चिमूटभर" हे माप नव्हे. स्वयंपाकघरातला काटा अर्धा ग्रॅम पकडत नाही, म्हणून एक तर दहा किलोची खेप एकदम करून ६ ग्रॅम मोजा, किंवा कागदाच्या पुडीत घालून ओळखीच्या सोनाराकडून वजन करून आणा. जळगावात सोनाराला तोटा नाही.

दोन-तीन चमचे पाण्यात विरघळवून ते पूर्ण गार सिरपमध्ये घाला आणि चांगलं ढवळा. गरम सिरपमध्ये घातलं तर त्यातून सुटणारा सल्फर डायऑक्साइड वायू तिथेच उडून जातो आणि तुम्हाला वाटतं घातलंय. पुडी उघडून वर्ष झालं असेल, वास घेतल्यावर नाकाला झोंबत नसेल, तर तिच्यात दम उरलेला नाही. आणि हे महत्त्वाचं: घरात कुणाला दमा असेल तर केएमएसचं सिरप त्यांना देऊ नका, या वायूने त्यांना त्रास होऊ शकतो. बाटलीवर तसं लिहून ठेवा, पाहुणे विचारत नाहीत.

सोडियम बेंझोएट लिंबाला नको. क जीवनसत्त्वाबरोबर, विशेषतः उष्णतेत आणि उजेडात, त्यातून थोडं बेंझीन तयार होऊ शकतं. जांभळाच्या आणि कोकमाच्या सिरपला बेंझोएट वापरतात, कारण केएमएसने त्यांचा रंग उडतो. एकाची पुडी दुसऱ्याला वापरायची नाही.

आठवी: ताप देणं

रसायन नकोच असेल तर हा रस्ता. थोडा कटकटीचा. मोठ्या पातेल्यात तळाशी जाड फडकं घाला, भरलेल्या काचेच्या बाटल्या झाकण सैल ठेवून उभ्या करा, मानेपर्यंत कोमट पाणी भरा आणि मंद आचेवर पाणी ८० ते ८५ अंशांवर न्या. तिथे २० ते २५ मिनिटं. उकळू द्यायचं नाही, थर्मामीटर नसेल तर तळाशी बारीक बुडबुडे धरून ठेवा. मग झाकणं घट्ट करा आणि बाटल्या लाकडी पाटावर गार होऊ द्या. थंड फरशीवर ठेवली की तडकते. चव किंचित शिजल्यासारखी लागते, हे आधीच सांगून ठेवते. ताप आणि केएमएस दोन्ही करू नका, तापाने केएमएस उडून जातं.

मग टिकतं किती?

आमच्या हवेत, माझ्या पाहण्यात: उघडलेली बाटली फ्रीजमध्ये तीन-चार आठवडे. बंद, नुसत्या साखरेची, ६५ भरलेली, गार खोलीत दोन महिने. उन्हाळा लागला की तेवढाही भरवसा नाही. तीच फ्रीजमध्ये चार महिने चवीला चांगली. केएमएस घातलेली किंवा ताप दिलेली, अंधारात जमिनीलगत, सहा ते आठ महिने. त्यापुढे सहसा आंबत नाही, पण तपकिरी पडते आणि लिंबाचा ताजेपणा जातो. गोठवलेल्या रसाचे गोळे सहा महिने उत्तम, मात्र गावाकडे भारनियमनात वितळून पुन्हा गोठले तर ते लगेच संपवा. प्रत्येक बाटलीवर चिकटपट्टी लावून तारीख, साखरेचं वजन आणि रसाचं माप लिहा. हे लिहिलेलं नसलं की वर्षानंतर मला फोन करून उपयोग नसतो, मी तरी काय सांगणार?

फसफसलेलं सिरप उकळून परत भरू का, असं सगळ्याच विचारतात. उकळल्याने फेस जातो, आंबूस चव जात नाही, आणि मुलांना ते द्यावंसं मला वाटत नाही. पापुद्रा किंवा बुरशी असेल तर विचारच नको. साखर वाया गेल्याचं वाईट वाटतं, पण ओता.

इथे थांबा, आणि जाणकाराला विचारा

साखर वजनाने बरोबर, बाटल्या उकळलेल्या, झाकणं नवी, जागा गार, तरी लागोपाठ दोन खेपा फसफसल्या तर तिसरी करू नका. तुमच्या गाळणीत, फडक्यात, ज्यूसरच्या जाळीत किंवा खोलीतच घट्ट साखरेला न जुमानणारं यीस्ट बसलेलं आहे. अशी यीस्ट असतात आणि काही रसायनालाही दाद देत नाहीत. केएमएस वाढवत नेणं हा त्यावरचा उपाय नाही. कृषी विज्ञान केंद्रात जा. जळगाव जिल्ह्यात पाल आणि ममुराबादला आहे, धुळ्याला आहे, नंदुरबारला कोळद्याला आहे. फळप्रक्रियेचं कुणाला विचारायचं ते तिथे कळतं.

सिरप विकत असाल, मग बचत गटाचं दोन डझन बाटल्यांचं का असेना, तर या लेखावर विसंबू नका. अन्न सुरक्षा नोंदणी आधी, आणि रसायनाचं प्रमाण अन्न तंत्रज्ञाकडून ठरवून, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून. लेबलवर टिकवणाऱ्या रसायनाचा उल्लेख हवाच. विकलेली एक बाटली गिऱ्हाइकाच्या घरी फुटली तर "घरगुती आहे" हे उत्तर अन्न व औषध प्रशासन ऐकत नाही.

सिरप प्यायल्यावर कुणाला धाप लागली, छाती भरून आली, अंगावर गांधी उठल्या तर घरगुती काही करत बसू नका, सरळ दवाखाना. उलट्या-जुलाब थांबत नसतील तरी तेच. बाटली फुटून काच डोळ्यात गेली तर डोळा चोळायचा नाही, काच काढायची नाही, स्वच्छ कापडाने अलगद झाकून डोळ्यांच्या डॉक्टरकडे.

केंद्रात किंवा प्रयोगशाळेत जाताना एक न उघडलेली बाटली, एक फसफसलेली, केएमएसची पुडी आणि वजनात लिहिलेली पाककृती एवढं बरोबर न्या. फसफसलेली बाटली रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून, झाकण किंचित सैल करून, डब्यात उभी न्या. एसटीत मांडीवर घेऊन बसू नका.